काळजाची काळजी कुणी करायची?

या अंकाचं संपादकीय लिहायची पाळी माझी. विषय गटाच्या बैठकीत ठरला होता, आरोग्याचा हक्क. मी विचारलं, "मी माझ्या घरातलं लिहिलं तर चालेल का?" थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग एक जण म्हणाली, "आपण इतकी वर्षं दुसऱ्या बायकांना हेच तर सांगत आलो, घरातलं बाहेर आणा म्हणून. मग आपलं झाकून कशाला ठेवायचं?" म्हणून हे घरातलं.

माझी मुलगी डिसेंबर २०१७ मध्ये जन्मली. तेव्हा तिच्या हृदयाचे ठोके मिनिटाला ५० च्या आसपास पडत होते. नवजात बाळाचे १२० ते १६० पडतात. सहाव्या दिवशी तिला पेसमेकर बसवला. मोठ्या माणसाला तो छातीशी, गळपट्टीच्या हाडाखाली बसवतात आणि त्याची तार शिरेतून हृदयात सोडतात. एवढ्याशा बाळाच्या शिरा त्या तारेला पुरत नाहीत. म्हणून तारा हृदयावर बाहेरून टाकल्या आणि डबी पोटाच्या कातडीखाली ठेवली. २०२४ च्या दिवाळीच्या सुट्टीत ती डबी बदलली. आज मुलगी शाळेत जाते, भांडते, अभ्यास टाळते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचताना तुमचा जीव टांगणीला लागायला नको.

मला आजाराबद्दल थोडंच सांगायचं आहे. जास्त बोलायचं आहे ते त्या आजाराभोवती घरानं, दवाखान्यानं, शाळेनं आणि आपल्या चळवळीनंसुद्धा आईला कुठे उभं केलं, याबद्दल.

पाचवा महिना संपून सहावा लागला तेव्हा, बाविसाव्या आठवड्यात, सोनोग्राफीच्या खोलीत हे कळलं. भिंतीवर 'येथे गर्भलिंग निदान केले जात नाही' ही पाटी होती. त्या पाटीसाठी आपल्या आधीच्या मैत्रिणींनी किती मोर्चे काढले हे तुम्हाला ठाऊक आहे. १९८८ मध्ये महाराष्ट्राचा कायदा झाला, १९९४ मध्ये देशाचा. मी स्वतः गावोगावच्या शिबिरांत या यंत्राच्या विरुद्ध बोलले होते. त्याच यंत्राच्या पडद्यावर डॉक्टरीणबाईंनी मला माझ्या बाळाचं हृदय दाखवलं. वरचे दोन कप्पे भराभर हलत होते, खालचे दोन सावकाश. वरून खाली निरोपच पोचत नव्हता. हृदयाच्या वरच्या भागातून विजेचा सूक्ष्म संदेश निघतो, तो मधल्या एका गाठीतून खाली जातो आणि मग खालचे कप्पे आकुंचन पावतात. माझ्या बाळाची ती मधली गाठ निकामी झाली होती. खालचे कप्पे आपापल्या मंद गतीनं चालत होते. याला हार्ट ब्लॉक म्हणतात. साधारण पंधरा ते वीस हजार जन्मांमागे एखाद्या बाळाला जन्मतःच असा पूर्ण ब्लॉक असतो.

घरी आल्यावर पहिला प्रश्न आला तो सासूबाईंकडून. "ग्रहणात काही चिरलंस का गं?"

त्या वर्षी ७ ऑगस्टला, नारळी पौर्णिमेच्या रात्री, खंडग्रास चंद्रग्रहण होतं. मी त्या रात्री गॅलरीत उभी राहून ग्रहण पाहिलं होतं आणि सफरचंद चिरून खाल्लं होतं. जाणूनबुजून खाल्लं होतं. अंधश्रद्धा निर्मूलनाची पत्रकं वाटलेली बाई मी, मी कसले वेध पाळणार? सासूबाई वाईट नाहीत. त्यांनी विचारलं ते काळजीपोटीच. पण मी खोटं बोलले. "नाही," म्हणाले. आणि रात्री अंथरुणात पडल्यावर त्या सफरचंदाचा विचार करत राहिले. चळवळीतली इतकी वर्षं एका सफरचंदापुढे पुरली नाहीत, हे कबूल करायला मला आजही लाज वाटते. पण कबूल करायला हवं. दोष द्यायला घरातलं माणूस लागतंच असं नाही. आपल्याला लहानपणापासून तो आपला आपण घ्यायला शिकवलेलं असतं.

मग माझं रक्त तपासलं. त्यात अँटी-रो नावाची प्रतिपिंडं सापडली. प्रतिपिंडं म्हणजे शरीराचे रखवालदार. काही जणींच्या शरीरात हे रखवालदार चुकून आपल्याच पेशींवर हल्ला करू लागतात. गरोदरपणात साधारण सोळाव्या आठवड्यापासून ती वारेतून बाळाकडे जाऊ लागतात आणि क्वचित बाळाच्या हृदयातली ती मधली गाठ कायमची खराब करतात. जन्मानंतर काही महिन्यांत आईची प्रतिपिंडं बाळाच्या रक्तातून निघून जातात. अंगावर चट्टे आले असले तर तेही जातात. हृदयातली गाठ मात्र भरून येत नाही.

म्हणजे ग्रहण सुटलं, पण आई सुटली नाही. आता तर कागदावर छापून आलं होतं की हे आईच्या रक्तातून गेलं. नात्यातल्या एक बाई कुणालातरी फोनवर सांगत होत्या, "रिपोर्टमध्ये आलंय ना, तिच्यामुळेच झालंय." मी शेजारच्या खोलीत होते.

मैत्रिणींनो, कारण आणि दोष या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाऊस पुराचं कारण असतो, म्हणून पावसावर कुणी खटला भरत नाही. माझ्या रक्तातली प्रतिपिंडं हे कारण होतं. ती मी मागितली नव्हती, कमावली नव्हती, मला ती आहेत हेही ठाऊक नव्हतं. ही प्रतिपिंडं असलेल्या शंभर गरोदर बायकांपैकी साधारण दोघींच्याच बाळाला असा ब्लॉक होतो. आणि ज्यांच्या बाळाला होतो त्यांच्यातल्या कितीतरी जणींना तोपर्यंत स्वतःला काही आजार आहे याची कल्पनाही नसते. वैद्यकशास्त्र कारण शोधतं ते पुढच्या बाळंतपणात उपाय करता यावा म्हणून. घरात मात्र ते कारण आरोपपत्र होऊन येतं. बाळ मुलगी झालं तर आईचा दोष, बाळ आजारी निघालं तरी आईचा दोष. मुलगा की मुलगी हे पुरुषाच्या बीजावर ठरतं, हे विज्ञान आपण तीस-चाळीस वर्षं ओरडून सांगतो आहोत, ते घरात शिरत नाही. आईच्या रक्ताचं विज्ञान मात्र एका दिवसात सगळ्या नात्यात पोचतं.

या गोष्टीला आणखी एक बाजू आहे. लग्नाच्या आधीपासून माझे सांधे दुखत. सकाळी उठल्यावर बोटं मिटायची नाहीत. डोळे कोरडे पडत, वाळू गेल्यासारखे खुपत. दोन वर्षांत मी तीन डॉक्टरांकडे गेले. एकानं कॅल्शियम दिलं. एकानं सांगितलं, "ताण घेऊ नका." तिसरे म्हणाले, "लग्न झालं की बरं वाटेल." ल्युपस आणि शोग्रेन या आजारांत ही प्रतिपिंडं सापडतात, आणि या दोन्ही आजारांच्या दर दहा रुग्णांपैकी नऊ बायका असतात. तेव्हा कुणी एक रक्ततपासणी लिहून दिली असती, तर गरोदरपणाच्या आधीच कळलं असतं, बाळाच्या ठोक्यांवर सोळाव्या आठवड्यापासून लक्ष ठेवता आलं असतं. बाईचं दुखणं म्हणजे कुरकुर, ही समजूत आपल्या ओळखीची आहे. ती किती खोल जाते ते मला तेव्हा कळलं.

बाविसाव्या आठवड्यात आणखी एक प्रश्न विचारला गेला, हळू आवाजात. "काढून टाकता येईल का?" २०१७ मध्ये कायद्याची मर्यादा वीस आठवड्यांची होती, त्यामुळे तो विषय तिथेच थांबला. २०२१ च्या दुरुस्तीनं काही प्रकारच्या स्त्रियांसाठी ती चोवीस आठवड्यांपर्यंत गेली, आणि गर्भात गंभीर व्यंग असेल तर त्यानंतरही वैद्यकीय मंडळाच्या संमतीनं गर्भपात होऊ शकतो. गर्भपाताचा निर्णय बाईचाच, हे मी तेव्हाही मानत होते, आजही मानते. त्यात तसूभर बदल नाही. पण तेव्हा मला निर्णय घ्यायची वेळ आली असती, तर कशाच्या आधारावर घेतला असता? पेसमेकर लावलेलं मूल शाळेत जातं, खेळतं, वयात येतं, हे त्या दिवसांत मला एकानंही सांगितलं नाही. सगळे फक्त 'हृदय' हा शब्द ऐकून मान हलवत होते. अर्धी माहिती देऊन घ्यायला लावलेल्या निर्णयाला बाईचा निर्णय कसं म्हणायचं? आपली मागणी फक्त परवानगीची नाही. पूर्ण माहिती आणि जन्मानंतर पूर्ण आधार, या दोन गोष्टी हातात असतील तरच तिचं 'हो' किंवा 'नाही' तिचं असतं.

आता दवाखान्याकडे येते. तो कुठला हे सांगण्यात अर्थ नाही, कारण नियम बहुतेक ठिकाणी तोच. बाळाजवळ फक्त आई. माझं सिझेरियन झालेलं, टाके ओले, आणि बाळाच्या विभागाबाहेर रात्रभर प्लास्टिकच्या खुर्चीवर मीच. नवरा तयार होता. त्यानं विनंती केली की रात्री मी बसतो, हिला पडू द्या. उत्तर मिळालं, "इथे बायका असतात, पुरुषांना थांबता येणार नाही." बाप लोक जिन्यात, पार्किंगमध्ये वर्तमानपत्र अंथरून झोपत. तिथल्या कित्येक बापांना आपल्या मुलाचं दूध किती मिलिलिटर, औषध किती वाजता, हे शिकायची संधीच मिळाली नाही. मग घरी गेल्यावर आपण म्हणतो, पुरुष लक्ष घालत नाहीत. घालत नाहीत हे खरंच आहे, पण व्यवस्थाही त्यांना बाहेर ठेवून आईला आत कोंडते. हे दोन्ही एकदम खरं आहे.

आमच्या घरी पुढे कामं वाटून घेतली. दर सहा महिन्यांची तपासणी त्याच्याकडे. पोटावर एक यंत्र ठेवून बॅटरी किती उरली, तारा ठीक आहेत का, ते बघतात. हे तो करतो. आणि प्रत्येक वेळी कुणीतरी म्हणतंच, "किती करतात हो हे मुलीसाठी!" मी सहा महिन्यांची प्रसूती रजा संपल्यावर वर्षभर बिनपगारी रजा घेतली, माझी सेवाज्येष्ठता गेली, त्याबद्दल मला कुणी 'किती करते' म्हटलेलं आठवत नाही. आईनं करणं म्हणजे श्वास घेणं, त्याचं कौतुक कोण करणार? केंद्र सरकारच्या महिला कर्मचाऱ्यांना २००८ पासून ७३० दिवसांची बालसंगोपन रजा आहे. पुढे ती पुरुषांनाही मिळाली, पण एकट्या पालकाला. म्हणजे बायको मेली, सोडून गेली किंवा नसलीच, तर पुरुषाला मूल सांभाळायचा हक्क. बायको असताना त्याला मूल सांभाळावंसं वाटेल, हे सरकारच्याही मनात येत नाही. खाजगी नोकरीतल्या बापाला तर कायद्यानं एक दिवसाचीही पितृत्व रजा नाही. आणि असंघटित क्षेत्रातल्या मजूर बाईची रजा म्हणजे खाडा, आणि खाड्याचा रोज कापला जातो.

त्या खुर्च्यांवर माझ्या शेजारी बीडकडची एक ऊसतोड कामगार बाई होती. तिच्या दीड वर्षाच्या मुलीच्या हृदयाला भोक होतं. ऑपरेशननं ते बुजवता येणार होतं. ती मला "ताई, बॅटरीचं बाळ कसंय?" असं रोज विचारायची. तिसऱ्या दिवशी तिचा सासरा आला. जिन्यात बोलणं चाललं होतं ते सगळ्यांनी ऐकलं. योजनेत ऑपरेशन फुकट होत असलं तरी राहायचं-जेवायचं काय, तोडीची उचल बुडेल त्याचं काय, आणि शेवटी, "छातीवर एवढा मोठा व्रण घेऊन पोरीचं लग्न कोण करील?" चौथ्या दिवशी सकाळी ती खुर्ची रिकामी होती. तिनं दिलेल्या नंबरवर मी बरेच दिवस फोन केला. लागला नाही.

ही एका सासऱ्याची गोष्ट नाही. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, दिल्लीत झालेल्या एका अभ्यासात जन्मजात हृदयविकाराच्या, ऑपरेशन सांगितलेल्या ४०५ मुलांचा वर्षभर मागोवा घेतला होता. मुलग्यांपैकी ७० टक्क्यांचं ऑपरेशन झालं. मुलींपैकी ४४ टक्क्यांचं. आजार तोच, सल्ला तोच. मुलींच्या बाबतीत लग्नाची चिंता हे एक कारण त्यात स्पष्टपणे पुढे आलं. आपण गर्भात मारल्या जाणाऱ्या मुलींबद्दल बोललो, हुंड्यासाठी जाळलेल्या सुनांबद्दल बोललो. या दोहोंच्या मध्ये, ऑपरेशनची तारीख घेऊन पुन्हा न आलेल्या मुली आहेत. त्यांच्यासाठी कुठला गुन्हा नोंदवला जात नाही. त्या 'आजारानं गेल्या' असंच लिहिलं जातं.

माझ्या मुलीबद्दलही विचारणा झाली. "व्रण पोटावर आहे ना? मग साडीत झाकला जाईल." समजूत म्हणून सांगितलेलं हे वाक्य. पेसमेकर असलेल्या बायका लग्न करतात, त्यांना मुलंही होतात, हे खरं आहे, पण मी ते उत्तर देत नाही. कारण तिचं जगणं योग्य आहे की नाही हे तिच्या लग्नावरून ठरवायला मी तयार नाही. मुलीला तिच्या व्रणाची लाज नाही. ती मैत्रिणींना दाखवते. मला विचारते, "तुझा मोबाईल चार्ज होतो, मग माझी बॅटरी का चार्ज नाही करत?" मी सांगते, तुझी आत शिवलेली आहे, संपत आली की डबीच बदलतात. "मग मी आजी होईपर्यंत किती डब्या लागतील?" आम्ही वहीत भागाकार केला.

'आता एक मुलगा होऊ द्या' हेही झालं. एका बाळाला असा ब्लॉक झाला असेल तर पुढच्या बाळाला होण्याची शक्यता साधारण सहात एक. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असं दिसलं की हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, म्हणजे करोनाच्या दिवसांत सगळ्यांना नाव पाठ झालेलीच गोळी, गरोदरपणात दहाव्या आठवड्याच्या आतच सुरू केली तर हा धोका निम्म्याहूनही कमी होतो. दुसरं मूल हवं असणाऱ्या बहिणींना हे कळायला हवं, म्हणून लिहिते. मला नको होतं. 'धोका आहे म्हणून नको' हे घराला पटलं. 'नको म्हणून नको' हे पटायला तीन वर्षं लागली.

पेसमेकरच्या इतिहासात दोन पुरुषांची नावं येतात. रुने एल्मक्विस्ट आणि ओके सेनिंग. स्वीडनमध्ये ८ ऑक्टोबर १९५८ रोजी त्यांनी पहिला पेसमेकर माणसाच्या शरीरात बसवला. रुग्णाचं नाव आर्ने लार्सन, वय ४३, दिवसातून वीस-तीस वेळा बेशुद्ध पडणारा. तयार यंत्र नव्हतंच. बूटपॉलिशच्या डबीचा साचा करून त्यात ते ओतलं. पण ते दोघं या कामाला लागले ते एका बाईमुळे. आर्नेची बायको, एल्से-मारी लार्सन. नकार ऐकूनही ती पुन्हापुन्हा त्यांच्या दारात जाऊन उभी राहिली. पहिलं यंत्र काही तासांत बंद पडलं. पुढे आयुष्यभरात आर्नेला दोन डझनांहून जास्त पेसमेकर लागले आणि तो २००१ पर्यंत, ८६ वर्षांचा होईपर्यंत जगला. यंत्र करणारे दोघंही त्याच्या आधी गेले.

मी ही गोष्ट पहिल्यांदा वाचली तेव्हा मला फार धीर आला. नंतर मात्र वाटलं, हिचीही आपण सावित्री करून टाकू. बाईनं यमाच्या मागे जायचं, डॉक्टरांच्या दारात उभं राहायचं, जीव पणाला लावायचा, आणि मग आपण तिच्या चिकाटीला हार घालायचा. जिच्यात तेवढं बळ नाही, जिला ऊसतोडीची उचल फेडायची आहे, तिचं मूल का मरावं? आईच्या चिकाटीवर मुलाचा जीव अवलंबून ठेवणारी व्यवस्था ही व्यवस्थाच नव्हे. म्हणून आपल्याला कौतुक नको, सोयी हव्यात.

सोयी काय आहेत आणि काय हव्या, ते थोडक्यात मांडते.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ च्या फेब्रुवारीत आपल्याच पालघरमधून सुरू झाला. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी त्यात आहे. पथकानं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा जायचं असतं. जन्मजात हृदयविकार त्याच्या यादीत आहे. दर शंभर बाळांमागे जवळजवळ एकाला हृदयाचा काही ना काही जन्मदोष असतो, हे लक्षात घेतलं तर आपल्या प्रत्येक गावात अशी मुलं आहेत. आपल्या गटांनी आपापल्या तालुक्यात विचारावं की पथक शेवटचं कधी आलं, किती मुलांना पुढे पाठवलं, त्यात मुली किती, आणि प्रत्यक्ष ऑपरेशन किती मुलींचं झालं. हा शेवटचा आकडा मागितल्याशिवाय मिळणार नाही.

गरोदरपणाच्या तपासणीत बाळाचे ठोके फक्त 'ऐकू येतात' एवढं लिहून चालणार नाही. ते मोजून आकडा कार्डावर लिहावा आणि तो ११० च्या खाली असेल तर बाईला लगेच पुढे पाठवावं. याला मोठं यंत्र लागत नाही. घड्याळ आणि एक मिनिट लागतं.

पेसमेकर एकदा बसवला की संपलं असं नसतं. मूल वाढतं, तारा ताणतात, बॅटरी काही वर्षांनी संपते. म्हणून पहिल्या ऑपरेशनच्या वेळीच पुढच्या प्रत्येक बॅटरीची हमी सरकारनं लेखी द्यावी.

दवाखान्यात बाळाजवळ 'आई' ऐवजी 'पालक' असा नियम हवा आणि पुरुष पालकांसाठी बसायची जागा हवी. संगोपनाची रजा आई-बाप दोघांना हवी. असंघटित क्षेत्रातल्या बाईला मूल दवाखान्यात असेल तितक्या दिवसांची मजुरी मिळायला हवी.

शाळांनी अशा मुलांना कोपऱ्यात बसवू नये. आमच्या शाळेनं पहिल्या वर्षी मुलीला मैदानाच्या कडेला खुर्चीवर बसवून ठेवलं, 'जबाबदारी नको' म्हणून. डॉक्टरांनी लिहून दिलं की धावणं, दोरीच्या उड्या, खो-खो चालेल. पोटावर मार बसेल असं काही, म्हणजे कबड्डी, नको. तो कागद मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवल्यावर खुर्ची गेली.

आणि शेवटी आपण. मुलगी झाल्यावर पहिल्या वर्षी गटातल्या तिघींनी वाटून घेऊन डबा पोचवला, योजनेचे कागद भरले, माझ्याजवळ नुसत्या बसल्या. ते मी विसरणार नाही. पण त्यानंतर हळूहळू बैठकीचे निरोप यायचे थांबले. एकदा विचारलं तर उत्तर आलं, "तुला कशाला त्रास द्यायचा म्हणून." मैत्रिणींनो, मला तो त्रास हवा होता. आजारी मुलाच्या आईला चळवळीतून रजा देणं ही माया वाटते, पण त्यानं ती पुन्हा फक्त आईच उरते. बैठक तिच्या घरी घेता येते. बैठकीत तास-दोन तास मूल सांभाळायचं काम पाळीपाळीनं वाटून घेता येतं. पेसमेकरच्या मुलाजवळ काय जपायचं हे पाच मिनिटांत शिकता येतं. मोबाईल डबीपासून वीतभर लांब, लोहचुंबकाची खेळणी नकोत, इंडक्शनच्या शेगडीला चिकटून उभं राहू द्यायचं नाही, चक्कर आली तर नाडी मोजायची आणि कार्डावरच्या नंबरवर फोन करायचा. आमच्या गटातल्या चौघी आता हे शिकल्या आहेत. म्हणून मी हे संपादकीय लिहायला वेळ काढू शकले. मी लिहीत होते तेव्हा मुलगी त्यांच्यातल्या एकीच्या घरी होती.

तुमच्या गटात, वस्तीत, शाळेत अशी मुलं असतील, त्यांच्या आया असतील. ऑपरेशन न झालेल्या मुली असतील. त्यांच्याबद्दल आम्हाला लिहा. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्या शब्दांत तुम्ही लिहून पाठवा. पुढच्या अंकात त्या पत्रांना जागा राखून ठेवली आहे, आणि आलेले आकडे घेऊन आपण एकत्र जिल्ह्याच्या आरोग्य अधिकाऱ्यांकडे जाऊ.